केरूच्या मरणाच्या दोन आवृत्त्या

रोह्याच्या वाचनालयात कुणी युद्धावरची कादंबरी मागितली, की गोविंदा ती कपाटातून काढून द्यायचा आणि वर म्हणायचा, "घरी नेऊन वाचा. इथे बसून वाचलीत, तर मला तुमचा चेहरा बघावा लागेल."

लोक हसायचे. ग्रंथपाल गमत्या आहे असं त्यांना वाटायचं. गोविंदा गमत्या मुळीच नव्हता. सैन्यात तो बिनतारी यंत्रावर हवालदार होता. एकाहत्तरची लढाई त्याने पंजाबच्या सरहद्दीवर काढली आणि मुदत संपल्यावर गावी येऊन वाचनालयाच्या खुर्चीत बसला. पुस्तकांची आवड त्याला लहानपणापासून. त्या आवडीची शिक्षा तो आता भोगत होता. लढाई पंधरवड्यात आटपली होती, पण तिच्यावरच्या कादंबऱ्या दोन वर्षं झाली तरी आटपत नव्हत्या. मुंबईहून पुस्तकांचा गठ्ठा आला की त्यात दोन-तीन असायच्याच. वेष्टनावर संगीन, ज्वाळा आणि कोपऱ्यात कपाळ पुसलेली बाई.

गोविंदा त्या सगळ्या वाचायचा.

"आवडत नाहीत तर वाचतोस कशाला?" मन्सूर विचारायचा. मन्सूर त्याचा शाळेपासूनचा मित्र. बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो वाचनालयात येऊन बसायचा.

"कुणीतरी लक्ष ठेवायला हवं," गोविंदा म्हणायचा.

"ठेव बाबा. मला फक्त एवढं सांग, यातला हेर कोण?"

"अत्तर लावणारा."

"म्हणजे आमच्यातला."

"नेहमीप्रमाणे."

मन्सूर मान डोलवायचा. लढाईच्या दिवसांत गावात दिवे मालवलेले असताना मन्सूर रेडिओवरून खाडीतल्या बोटींना खुणा करतो, अशी आवई उठली होती. दुकानात दुरुस्तीला आलेले सगळे रेडिओ पोलीस घेऊन गेले. परत द्यायला आलेल्या जमादाराने जाता जाता स्वतःचा बिघडलेला संच फुकट दुरुस्त करून घेतला. मन्सूरची लढाई ती एवढीच. पण आपण ती कादंबरीकारांपेक्षा जवळून पाहिली असं तो म्हणायचा, आणि गोविंदाला ते पटायचं.

या धंद्यात कुलाबा जिल्ह्याचं सगळ्यांत मोठं नाव म्हणजे पेणचे हैबतराव. आधी ते प्रेमकथा लिहीत. बासष्टला चीनने हल्ला केला आणि हैबतरावांच्या नायकांनी सतार ठेवून बंदूक उचलली. मग पासष्ट आलं, एकाहत्तर आलं. बंदूक खाली ठेवायला त्यांना सवडच झाली नाही. हैबतराव स्वतः पुण्याच्या पुढे कधी गेले नव्हते. त्यांच्या कादंबऱ्यांत मात्र सगळीकडे बर्फ पडायचा. कच्छच्या रणातही एकदा पडला होता. सभेला जाताना ते खाकी कोट घालत आणि लोकांनी उठून नमस्कार केला की त्यांचा हात आपसूक कपाळाकडे जाई. त्यांना थोर म्हणणारी माणसं खूप होती. ती काही मूर्ख नव्हती. त्यांना लढाई हवी होती, पण स्वच्छ धुतलेली हवी होती, आणि हैबतराव ती धुऊन देत.

त्यांची नवी कादंबरी आली ती फाल्गुनात. 'सत्य घटनेवर आधारित' असं वेष्टनावर छापलेलं होतं आणि आत पहिल्याच पानावर एक फोटो होता. तो बघून गोविंदा खुर्चीत सरळ झाला.

फोटो केरूचा होता. केरू पेणच्या पश्चिमेला खाडीकाठच्या गावातला, मिठागरात राबणाऱ्या घरातला. तो गोविंदाच्याच पलटणीत होता. एवढ्या लांब एकाच जिल्ह्याची दोन माणसं म्हणून ती एकमेकांना धरून असत. केरू मेला तेव्हा गोविंदा तिथे होता.

कादंबरीत केरू बर्फातून सरपटत शत्रूच्या मशीनगनपर्यंत जातो. छातीत गोळ्या घेऊन तिच्या तोंडावर पडतो, म्हणजे मागच्यांना वाट मिळावी. मग दोन पानं तो मरत असतो आणि बोलत असतो. मातृभूमी, आई, पत्नी, येणाऱ्या पिढ्या, असं ओळीने. व्याकरणाची एक चूक नाही.

गोविंदाने पुस्तक मिटलं. त्याला राग आला नाही, किळस आली. बिनतारी यंत्रावर बसून त्याने खोटं कसं तयार होतं ते रोज पाहिलं होतं. पुढच्या चौकीवरचा शिपाई कळवायचा, उसात काहीतरी हललं. कंपनीतून ते वर जाताना 'शत्रूची हालचाल' व्हायचं. पलटणीतून जाताना 'शत्रूची तुकडी' व्हायचं. संध्याकाळी रेडिओवर बाई सांगायची, की आपल्या जवानांनी शत्रूचा हल्ला परतवला. उसात बहुतेक डुक्कर असायचं. पण त्या साखळीत मुद्दाम खोटं कुणीच बोललेलं नसायचं. प्रत्येकाने आपल्या भीतीपुरती थोडी भर घातलेली असायची. ते खोटं गोविंदा माफ करू शकत होता. हैबतरावांना कसली भीती होती? ते पंख्याखाली बसून, पान जमवून, दुसऱ्याच्या तोंडात वाक्यं कोंबत होते.

"पेणला या पुस्तकाचा समारंभ आहे रविवारी," मन्सूरने वर्तमानपत्रातून डोकं वर काढून सांगितलं. "वीरपत्नी आणि वीरमातेचा सत्कार आहे."

"मी जाणार."

"काय करणार जाऊन?"

"खरं सांगणार."

"कुणाला?" मन्सूरने विचारलं. गोविंदाने त्या प्रश्नाकडे लक्ष दिलं नाही.

रविवारी सकाळच्या एसटीने तो निघाला. वडखळला गाडी बराच वेळ खोळंबली तेव्हा तो खाली उतरून येरझाऱ्या घालत बोलायची वाक्यं जुळवत होता. पेणला सभागृह भरून लोक बाहेर ओसरीत उभे होते. व्यासपीठावर हैबतराव खाकी कोटात, पलीकडे अध्यक्ष, आणि एका बाजूला दोन बायका. थोरली काशीबाई, केरूची आई. मिठाने भेगाळलेले पाय तिने लुगड्याखाली ओढून घेतले होते. दुसरी केरूची बायको सगुणा, तिशीही न ओलांडलेली. तिच्या मांडीवर सत्काराचं पातळ आणि नारळ होता.

या बायकांना केरूबद्दल जे ठाऊक होतं ते असं. तारेत एक ओळ होती, तो कर्तव्यावर असताना मरण पावला अशी. बाकीचं हैबतरावांनी सांगितलं. ते हार घेऊन घरी गेले होते. फोटो मागून घेतला, आणि जाताना केरू कसा मेला असेल ते इतक्या खात्रीने सांगितलं, की ऐकणाऱ्याला ते तिथून पाहून आले असंच वाटावं.

हैबतरावांनी शेवटची दोन पानं वाचून दाखवली. ते वाचत होते सुंदर. पुढच्या रांगेतल्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या आणि पुरुष खाकरत होते. सगुणा समोर बघत होती, कुणा परक्या माणसाची गोष्ट चालल्यासारखी. वाचन संपलं आणि अध्यक्षांनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?

गोविंदा उभा राहिला. "मी गोविंदा, रोह्याहून आलोय. केरूच्या पलटणीत होतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो संपेपर्यंत गोविंदाला तसंच उभं राहावं लागलं आणि तेवढ्या वेळात त्याचं डोकं आणखी तापलं.

"केरू असा मेला नाही," तो म्हणाला.

सभागृहात कुजबुज झाली. हैबतराव हसले. असल्या आक्षेपाची त्यांना सवय असावी.

"हवालदारसाहेब, कादंबरी म्हणजे पंचनामा नव्हे. घडलेलं वेगळं आणि सत्य वेगळं. घडतं ते अपघाताने. त्याला ना आरंभ, ना शेवट, ना अर्थ. लेखक त्या गाळातून सत्य वर काढतो. युद्धाच्या काळात देशाला त्या सत्याची भूक असते. नुसत्या तपशिलावर कोण लढेल?"

"लढणाऱ्याला तुमच्या सत्याची भूक नसते," गोविंदा म्हणाला. "त्याला पोटाची असते. तुमचं सत्य लागतं ते घरी बसलेल्यांना. आपण घरी बसलो याचं वाईट वाटू नये म्हणून."

"हे फार कडवट झालं."

"आणि अर्थ द्यायला तुम्हाला परवडतं, कारण तुम्ही जिवंत आहात."

"अहो, मग तुम्ही सांगा ना काय झालं ते!" मागून कुणीतरी ओरडलं.

गोविंदाने ते सांगितलं. वडखळला जुळवलेली वाक्यं त्याला लागलीच नाहीत.

"लढाई थांबली होती. युद्धबंदी होऊन आठवडा उलटला होता. आम्ही आमचेच सुरुंग काढत होतो, लढाईच्या आधी आम्हीच पेरलेले. शेत तिथल्या कुणा शेतकऱ्याचं, गाजरांचं. केरूला रोजच्या डाळीचा वीट आला होता. खुणेची पांढरी फीत ओलांडून तो गाजरं उपटायला गेला. सुरुंग आपला होता. शत्रू तिथे नव्हता, बर्फ नव्हता, मशीनगन नव्हती. आणि तो काही बोलला नाही. बोलायला काही शिल्लकच राहिलं नाही."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मग त्याची नजर सगुणाकडे गेली. तोवर त्याला ती दिसलीच नव्हती. तो सगळा वेळ खाकी कोटाकडे बघत होता.

"काय सांगतं गो तो?" काशीबाईने सुनेला विचारलं. तिला नीट ऐकू आलं नव्हतं.

सगुणा उभी राहिली. तिने आधी गोविंदालाच विचारलं, आवाज न चढवता.

"तुमी तितं व्हता?"

"हो."

"मंग दोन वर्सं कुठं व्हता?"

सगुणा त्याच्या उत्तराला थांबली नाही.

"रोहं काय लय लांब हाय काय हितनं?"

मग ती हैबतरावांकडे वळली. "आनि तुमी घरा आला, फोटू नेला. तो कसा बोलायचा, ते इचारलंत काय? सबंद वर्सात यवडं बोलला नाय तो कदी." तिने पातळ आणि नारळ खुर्चीवर ठेवला, सासूला हाताला धरून उठवलं आणि दोघी पायऱ्या उतरून गर्दीतून बाहेर गेल्या. लोकांनी वाट दिली.

हैबतराव ध्वनिक्षेपकाजवळ आले. "माऊलीच्या भावना अनावर झाल्या आहेत," ते म्हणाले. "आपण समजू शकतो." आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रविवारी गोविंदा खाडीकाठच्या त्या गावी गेला. रोह्यापासून अर्ध्या दिवसाचं काम होतं. लढाईहून आल्यावर या वाटेने यायचं त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. सरकारने कळवलंय, आता आपण जाऊन काय सांगायचं, गाजरांचं? असं म्हणून तो थांबला होता. आणि थांबलेलाच राहिला. तेवढ्या काळात जगातलं सगळं खोटं साहित्य त्याने वाचून काढलं होतं आणि त्याचा यथास्थित तिरस्कार केला होता.

मिठागरात हंगाम चालू होता. बांधाबांधाने मिठाचे ढीग लागलेले होते. सगुणा पाण्यात उतरून लाकडी फळीने मीठ ओढत होती. गोविंदाला बघून ती थांबली नाही.

"मी माफी मागायला आलोय," तो म्हणाला.

"ती नको. सांगा."

"काय?"

"तितं सगल्यांस्नी सांगितलात ते. मना सांगा."

त्याने बांधावर उभं राहून सांगितलं. या वेळी हळूहळू, आठवत आठवत. ती मधेच प्रश्न विचारायची. सकाळ होती की दुपार? थंडी होती काय? कुणी हाक मारली नाही काय त्याला? गोविंदाने सांगितलं, की त्याने स्वतःच हाक मारली होती, केरूने हात वर करून दाखवला होता, आलो म्हणून. जाळलं कुठे, कोण कोण होतं, तेही तिने विचारून घेतलं. एवढं झाल्यावर ती फळीवर रेलून उभी राहिली.

"खाल्लंन काय त्यानं येक तरी?" तिने विचारलं. "गाजर."

गोविंदाच्या तोंडात 'हो' आलं होतं. त्या एका शब्दाने या बाईला बरं वाटलं असतं आणि खोटं ठरवायला जगात कुणी नव्हतं. वाचनालयातल्या कुठल्याही कादंबरीत हे उत्तर तयार होतं. त्याने ओठ मिटले.

"नाही माहीत," तो म्हणाला. "पाठ होती आमच्याकडे."

तिने मान हलवली. "बरं. ह्ये तरी रचलं नाय तुमी."

गोविंदाचा जीव जरा हलका होतोय तोच ती पुढे म्हणाली, "पन त्या दिशी सांगितलात ते माज्यासाटी नवतं. त्याला पाडाया सांगितलात."

"हो," गोविंदा म्हणाला.

"माज्या मानसाचा दगड केलात दोगांनी. त्यानं हार घालाया केला, तुमी फेकाया." आणि ती परत मीठ ओढू लागली.

वर्तमानपत्रांत पेणच्या सभेची बातमी आली होती. एका मुंबईच्या संपादकाने गोविंदाला लेख मागितला. गोविंदाने नकार दिला. हैबतरावांची कादंबरी आता बुडाली, असं मन्सूरला वाटत होतं. तेवढ्यात एका दुपारी वाचनालयासमोर मोटार थांबली आणि हैबतराव स्वतः आत आले. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट तेज होतं. त्यांनी गोविंदाचे दोन्ही हात हातात घेतले.

"गाजर!" ते म्हणाले. "हवालदारसाहेब, काय प्रतिमा आहे! मला झोप नाही तेव्हापासून. काळी माती, तांबडं गाजर, आणि खाली आपलाच सुरुंग. आपणच पेरलेलं मरण आपणच उपटतो. मी इतकी वर्षं अंधारात होतो हो."

गोविंदाने हात सोडवून घेतले.

"हौतात्म्याचे दिवस गेले," हैबतराव खुर्चीत बसत म्हणाले. "मुंबईत आता जळजळीत वास्तव मागतात. मला फक्त तपशील हवेत. वास कसा होता? आवाज? त्याच्या हातात काही होतं का?"

"तुम्ही म्हणालात, नुसत्या तपशिलावर काही होत नाही."

"तेव्हा मी वेगळा माणूस होतो."

"तेव्हा मागणी वेगळी होती," कोपऱ्यातून मन्सूर म्हणाला.

हैबतरावांनी वळून पाहिलं. गोविंदाने ओळख करून दिली. हैबतरावांनी मोठ्या मनाने मान झुकवली. "नव्या कादंबरीत तुमच्या समाजातला एक चांगला माणूसही घालतोय," ते म्हणाले.

"अत्तर लावतो का तो?" मन्सूरने विचारलं.

"मी तुम्हाला काही सांगणार नाही," गोविंदा म्हणाला.

"नका सांगू. सभेत सांगितलंत तेवढं मला पुरेल. सत्य कुणा एकाच्या मालकीचं नसतं." ते उठले. दारात थांबून त्यांनी खांद्यावरून विचारलं, "मातीचा रंग काळाच ना तिथे?"

"जा आता," गोविंदा म्हणाला.

माती तिथे भुरी होती. दुसऱ्या वर्षी कादंबरी आली तेव्हा तिच्यात ती काळीच होती. गोविंदाने ती एका बैठकीत वाचली. बर्फ गेला होता. मशीनगन गेली होती. केरू गाजरांच्या शेतात पडलेला होता आणि आता तीन पानं विचार करत होता. सरकार, सेनापती, देव, इतिहास, माणसाच्या जगण्याची व्यर्थता, असं ओळीने. पहिल्या पुस्तकात त्याला मरताना मातृभूमी आठवली होती, या पुस्तकात मातृभूमीचा फोलपणा आठवत होता. मरणारा तोच होता आणि दोन्ही वेळा त्याच्या तोंडून हैबतरावच बोलत होते. केरूला स्फोटानंतर विचार करायला उसंतच मिळाली नव्हती, एवढी साधी गोष्ट दोन्ही पुस्तकांना सोसली नव्हती. शांत मरण तर सोडाच, मुकं मरणही यांना चालत नाही, गोविंदाच्या मनात आलं. मेलेल्या माणसाने काहीतरी म्हटलं पाहिजे, आणि ते वाचणाऱ्याला आधीपासून पटलेलं असलं पाहिजे.

पण त्याला सगळ्यांत लागलं ते दुसरंच. दोन्ही कादंबऱ्यांत केरू होता तो मरण्यापुरताच. त्याच्या आधीची सगळी वर्षं त्या मिनिटाकडे धावत आल्यासारखी होती. आणि पेणच्या सभागृहात उभं राहून त्याने स्वतः सांगितलं, तेही नेमकं तेच मिनिट होतं.

पुस्तकाला मोठं पारितोषिक मिळालं. समारंभाचा फोटो छापून आला. हैबतरावांनी खाकी कोट टाकला होता. आता खादीचा झब्बा होता आणि दाढी राखलेली होती. लेखकाने सत्याची किंमत मोजली आहे, असं अध्यक्ष म्हणाल्याचं खाली छापलं होतं. मन्सूरने तो मजकूर मोठ्याने वाचला आणि विचारलं, "कुणाच्या खिशातून?"

त्या समारंभाला सगुणाने यावं म्हणून हैबतराव तिच्या गावी गेले होते. हे गोविंदाला काशीबाईने सांगितलं. एव्हाना तो अधूनमधून तिथे जाऊ लागला होता. पहिल्यांदा त्याला कुणी या म्हटलं नव्हतं, पण जा असंही म्हटलं नव्हतं.

"मोटार बांदाच्या तोंडाला ठेवून आला," काशीबाई सांगत होती. "उन्हात हुबा. घाम गलतोय. म्हनतो, आता सगलं खरं लिवलंय. तर ही त्याला म्हनते, 'या येलला काय बोलला आमचा मानूस?'"

"मग?"

"मंग तो सांगाया लागला. लय सांगितलंन. ही आपली मीठ वडते. वडत वडत पार त्या टोकाला गेली. तो बोलतोच हाय."

गोविंदा हसला. किती तरी दिवसांनी त्याला हसू आलं होतं. काशीबाई हसली नाही. अंगणात मासे वाळत घातले होते, त्यांवर येणारे कावळे ती काठीने हाकत होती.

"तितलं पानी कसं व्हतं रे?" तिने एकाएकी विचारलं. "गोडं?"

गोविंदाला आधी प्रश्न कळला नाही. मग कळला. "गोडं. कालवा होता मोठा. आम्ही पोचलो त्या दिवशी केरू सगळ्यांत आधी त्या कालव्यावर गेला. ओंजळ भरून नुसती जीभ लावली आणि थांबला."

"चव बगतो तो आदी. ल्हानपनापासून. खारं असलं तर थुकून देतो."

"हो. मग दुसरी ओंजळ घेतली, मग तिसरी. सुभेदार ओरडला, कालवा आटवतोस काय म्हणून."

"मंग?"

"मग काही नाही. दुपारभर खंदक खणत होतो."

"खनायला बरा व्हता तो. बांद घालनारा हात."

"माझाही त्यानेच खणून दिला," गोविंदा म्हणाला. "मला जमेना. माझ्या कडा ढासळायच्या. त्याने फावडं काढून घेतलं हातातून."

"काय बोलला तवा?" काशीबाईने विचारलं.

"काही नाही. नुसतं काढून घेतलं."

काशीबाईने मान डोलवली. ते तिला ओळखीचं होतं. मासे परतायला आलेली सगुणा दाराशीच थांबली होती.

"पाऊस पडला म्हंजे त्यात पानी भरत आसंल," ती म्हणाली.

"भरायचं ना. थंडीतसुद्धा पडायचा तिकडे. मग डब्यांनी उपसत बसायचो."

ती खाली बसली आणि एकेक मासा उलटा करू लागली. "त्यो पन?"

"तो पण," गोविंदा म्हणाला, आणि त्या दिवशी पाणी उपसायला किती वेळ लागला ते सांगू लागला.